पानांचा अर्क, प्रयोगशाळेतला पुरावा आणि बंद झालेलं सनस्क्रीन

प्रिय ताई,

माझं वय ४३. तीन-चार वर्षांपासून गालांवर आणि कपाळावर वांग आहेत. स्किनच्या डॉक्टरांनी रात्री लावायला एक क्रीम आणि दिवसा सनस्क्रीन दिलं होतं, त्याने डाग बरेच फिके झाले होते. चार महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीने मला पेरूच्या आणि ग्रीन टीच्या पानांचा अर्क असलेलं सीरम दिलं. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय की हा अर्क व्हिटॅमिन सीच्या तोडीचा अँटिऑक्सिडंट आहे, कोलॅजनेज, इलास्टेज आणि टायरोसिनेज ही एन्झाइम रोखतो आणि त्वचेची संरक्षक एन्झाइम वाढवतो, आणि हे सगळं प्रयोगशाळेत सिद्ध झालंय. बहीण विज्ञान शिकलेली आहे. तिने असे शोधनिबंध स्वतः वाचलेत. ती म्हणाली, एवढं सगळं पान करतंय तर रसायनं कशाला? मी क्रीम आणि सनस्क्रीन दोन्ही बंद केलं. महिनाभर पेरूची कोवळी पानं वाटून लेपही लावतेय, आठवड्यातून तीनदा. सुरुवातीला चेहरा छान घट्ट वाटायचा. आता डाग पुन्हा गडद झालेत, गाल लाल होतात, चुरचुरतात. बहिणीला सांगितलं तर ती दुखावली, आमचं बोलणंच कमी झालंय. कधी वाटतं, एन्झाइमवरचं काम सिद्ध झालंय तर थोडा धीर धरावा. कधी वाटतं, सगळं फेकून द्यावं. काय करू?

— गोंधळलेली मोठी बहीण

प्रिय मैत्रीण,

आधी आज काय करायचं ते सांगते. बाकीचं सावकाश वाचा.

पानांचा लेप आजपासून बंद. सीरमही सध्या कपाटात ठेवा. चेहरा वास नसलेल्या सौम्य क्लेन्झरने धुवा आणि वर साधं मॉइश्चरायझर लावा, एवढंच. सनस्क्रीन उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करा. चुरचुरत असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या, चिडलेल्या त्वचेला ते सहसा सोसतं. रात्रीचं क्रीम मात्र आपणहून परत लावू नका. वांगांसाठीच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन किंवा सौम्य स्टेरॉइड असतं, कधी तिन्ही एकत्र असतात. लाल झालेल्या त्वचेवर ती आणखी झोंबतात, आणि किती दिवस लावायची, कधी थांबायचं, याचा हिशोब डॉक्टरांनीच ठेवायचा असतो. त्यांची वेळ घ्या. जाताना सीरमची बाटली बरोबर न्या आणि मधल्या चार महिन्यांत काय काय लावलं ते न लपवता सांगा. लाली उतरायच्या ऐवजी वाढली, फोड आले किंवा डोळ्यांभोवती सूज आली तर ठरलेल्या वेळेची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

एवढी घाई का करते? ज्या त्वचेवर वांग आहेत तिच्यात कुठलीही जळजळ जाता जाता स्वतःचा डाग सोडून जाते. तुमचे डाग गडद व्हायला आत्ता दोन कारणं आहेत. एक, ऊन अडवणारं काही उरलेलं नाही. दोन, लेपाने त्वचा सतत चिडलेली आहे. ही दोन्ही कारणं तुमच्या हातात आहेत, म्हणून मला तुमच्याबद्दल आशा वाटते.

आता तुमच्या बहिणीबद्दल. तिने वाचलं ते खोटं नाही. या सदराआधी कित्येक वर्षं मी प्रयोगशाळेत याच चाचण्या केल्यात, त्यामुळे त्या शोधनिबंधात काय असतं ते मला माहीत आहे. ते तुमच्या डोळ्यांसमोर उभं करते.

अँटिऑक्सिडंटची सगळ्यात प्रचलित चाचणी डीपीपीएच नावाच्या पदार्थाची. १९५८ पासून ती वापरात आहे. डीपीपीएच हा स्वतःच एक फ्री रॅडिकल. फ्री रॅडिकल म्हणजे ज्याचा एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिलाय आणि जो जोडीदार दुसऱ्याकडून ओढून घ्यायला बघतो, असा रेणू. अँटिऑक्सिडंट त्याला तो देऊन शांत करतो. एरवी हे रेणू क्षणात नाहीसे होतात, पण हा बाटलीत टिकून राहतो आणि मिथेनॉलमध्ये विरघळवला की गडद जांभळा दिसतो. ९६ छोट्या खळग्यांची प्लास्टिकची ताटली असते. प्रत्येक खळग्यात हा जांभळा द्रव, त्यावर पानांच्या अर्काचा थेंब, कुठे जास्त, कुठे कमी. मग ताटली अर्धा तास अंधारात. बाहेर काढली की जिथे अर्क भरपूर तिथे लख्ख पिवळा, जिथे कमी तिथे मातकट, जिथे नाही तिथे जांभळाच. यंत्र ५१७ नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो ते मोजतं आणि निम्मा जांभळा रंग घालवायला किती अर्क लागला तो आकडा हातात येतो. आकडा जितका लहान तितका अर्क जोरदार. शेजारच्या खळग्यांत तुलनेला व्हिटॅमिन सी. 'व्हिटॅमिन सीच्या तोडीचा' हे वाक्य बहुतेक वेळा इथून येतं.

तो रंग उतरताना पाहिला की खरंच आनंद होतो. इतक्या वर्षांत मला तो कधी जुना वाटला नाही. पण एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली. जवळजवळ कुठलंही पान आणा, जांभळ्याचा पिवळा होतोच. आणि त्यात नवल नाही. पानाला उन्हातून उठून सावलीत जाता येत नाही. दिवसभर ऊन झेलायचं आणि त्यातच आपलं काम करायचं, म्हणून पान वरच्या पेशींत फ्लॅवोनॉइड साठवतं, ते अतिनील किरण शोषतात. आत कॅरोटिनॉइड, व्हिटॅमिन सी आणि आपल्यात आहेत तशीच एन्झाइम फ्री रॅडिकल निस्तरत असतात. पेरूच्या पानातलं क्वेरसेटिन, चहाच्या पानातलं ईजीसीजी ही या घराण्यातलीच नावं. तेव्हा पानात ताकद आहे का, असं विचाराल तर आहे, निःसंशय आहे. फक्त जिवंत पान ही शिबंदी रोज नव्याने भरतं. बाटलीतल्या अर्कातला रेणू एकदा खर्च झाला की झाला, आणि झाकण उघडल्यापासून हवेतला ऑक्सिजन त्याला खर्च करतच असतो. सीरमचा रंग आठवडागणिक तपकिरी होत गेला असेल तर ते त्याचंच लक्षण.

एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया घडवून आणणारे रेणू. त्यांच्या बाबतीत माहितीपत्रकाने दोन उलट गोष्टी एका ओळीत कोंबल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहिल्या की तुमचा निम्मा गोंधळ जाईल.

पहिला गट आपल्याला हवासा. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. १९६९ साली मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की यातलं पहिलं एन्झाइम सुपरऑक्साइड नावाच्या फ्री रॅडिकलचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऑक्सिजन करतं. मग कॅटलेज त्या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. अशी ही साखळी प्रत्येक पेशीत अखंड चालते. दुसरा गट आवरून धरावासा वाटणारा. कोलॅजनेज त्वचेला भक्कम ठेवणारं कोलॅजन तोडतं, इलास्टेज त्वचेला लवचीक ठेवणारं इलास्टिन तोडतं, टायरोसिनेज त्वचेला रंग देणारं मेलॅनिन बनवण्याची पहिली पायरी चालवतं. पण हीसुद्धा काही शत्रूची माणसं नाहीत. जखम भरताना जुनं कोलॅजन कापून बाजूला करायला कोलॅजनेजच लागतं, आणि मेलॅनिन नसेल तर ऊन थेट पेशींच्या गाभ्यापर्यंत पोचेल. त्यांना संपवायचं नसतं, ऊन लागल्यावर ती बेफाम होतात तेवढं आवरायचं असतं.

चाचणीत ही एन्झाइम येतात कुठून, हे माहितीपत्रकात कधीच नसतं. कोलॅजनेज सहसा क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम या जिवाणूचं. इलास्टेज डुकराच्या स्वादुपिंडातलं. टायरोसिनेज मशरूमचं. ती स्वस्त, टिकाऊ आणि हाताशी मिळणारी आहेत म्हणून वापरतात, मीही वापरली. शंभर अर्कांतून पुढे कुठल्या दहांवर काम करायचं हे ठरवायला ती ठीक आहेत. पण माणसाच्या त्वचेतलं कोलॅजनेज घडणीने वेगळं आहे, टायरोसिनेजही वेगळं. मशरूमच्या एन्झाइमला चटकन थोपवणारा कोजिक अॅसिडसारखा नावाजलेला पदार्थसुद्धा माणसाच्या टायरोसिनेजपुढे बराच लंगडा पडतो, हे आता प्रयोगांनी स्पष्ट झालंय. जो खळग्यात जिंकला तो गालावर जिंकेलच असं नाही.

आणखी एक बाब आहे, ती तुमच्या लेपाशी थेट जोडलेली आहे. पेरूचं पान कधी चावून पाहिलंय? जीभ आकसते, तोंड कोरडं पडतं. तो तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन समोर येईल त्या प्रथिनाला चिकटतं, तोंडात ते लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचे गोळे करतं. पूर्वापार कातडी कमावत आलेत ती याच रसायनाने. आता एन्झाइम हेही प्रथिनच. टॅनिनने भरलेला अर्क एन्झाइमच्या खळग्यात घातला की एन्झाइमचाच गोळा होतो आणि काम थांबतं. यंत्राला एवढंच दिसतं की एन्झाइम थांबलं. कागदावर उत्तम निकाल येतो. माझ्याही हातून असे निकाल आलेत, आणि टॅनिन काढून टाकून तीच चाचणी पुन्हा केल्यावर त्यातले काही विरघळून गेलेत. म्हणून पानांच्या अर्काचा शोधनिबंध हातात आला की मी आधी बघते, टॅनिन वेगळं करून पाहिलंय का.

तुम्हाला लेपानंतर चेहरा 'छान घट्ट' वाटायचा ना, तोही हाच तुरटपणा. वरच्या थरातली प्रथिनं थोडी आकसतात, लेप वाळताना ओढ बसते, पाणी उडून जातं. त्या घट्टपणाचा कोलॅजनशी संबंध नाही. आठवड्यातून तीनदा हे केल्यावर त्वचेचा वरचा थर कोरडा पडून भेगाळतो आणि मग साधं पाणीही झोंबायला लागतं. तुमचं चुरचुरणं मला तरी तिथून आलेलं वाटतं. खरी अॅलर्जीही असू शकते, ते डॉक्टर बघून सांगतील.

समजा अर्क अस्सल आहे आणि टॅनिनचा घोळही नाही. तरी त्याला आत जावं लागेल. त्वचेचा सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर केसापेक्षाही पातळ आहे, पण राखण अशी करतो की बस. औषधशास्त्रात २००० सालापासून एक ठोकताळा मानतात, ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप) जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. व्हिटॅमिन सी १७६ डाल्टनचं. ईजीसीजी ४५८, म्हणजे अगदी उंबरठ्यावर, शिवाय पाण्यात रमणारं, म्हणून तेलकट थर ओलांडायला नाखूश. मोठी टॅनिनं हजाराच्या वर, ती बाहेरच. कोलॅजन आणि कोलॅजनेज दोन्ही राहतात खालच्या थरात. खळग्यात मात्र अर्क आणि एन्झाइम मिसळूनच ठेवलेली असतात, मधे दारच नाही. नुसतं हलकं असूनही भागत नाही. व्हिटॅमिन सी नीट आत जायला द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली, म्हणजे द्रावण चांगलंच आंबट, ठेवावा लागतो हे शोधायला आणि ते टिकवायला लोकांची वर्षं गेली. २००५ मध्ये १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १ टक्का व्हिटॅमिन ई यांच्या द्रावणात अर्धा टक्का फेरुलिक अॅसिड घातलं, तर ते टिकलंही आणि डुकराच्या त्वचेवर उन्हापासूनचं रक्षण चौपटीवरून आठपटीवर गेलं. फेरुलिक अॅसिड हे वनस्पतींमधलंच आहे. म्हणजे वनस्पतींच्या रेणूंना जमत नाही असं अजिबात नाही. नेमका कुठला रेणू, किती, कशात विरघळवलेला, हे बांधून काढावं लागतं. 'पानांचा अर्क' एवढ्या दोन शब्दांत यातलं काहीच कळत नाही. पान कोवळं की जून, कसं वाळवलं, पाण्यात काढलं की अल्कोहोलमध्ये, यावर अर्क पार बदलतो.

'संरक्षक एन्झाइम वाढवतो' या दाव्याचंही असंच. पेशी काचपात्रात वाढवून त्यावर अर्क घातला की कधी कधी त्यांच्यातलं कॅटलेज वगैरे वाढतं, खरं आहे. पण चहाच्या पानातले हे रेणू पेशी वाढवण्याच्या द्रावणात स्वतःच ऑक्सिडाइझ होऊन थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. पेशींना चटका बसतो आणि त्या सावध होऊन आपली एन्झाइम वाढवतात. चेहऱ्यावर ते द्रावण नसतं. त्यामुळे तिथेही तसंच घडेल असं गृहीत धरू नये.

माणसांवर काय दिसलंय ते आता सांगते, कारण शेवटी तुमचा चेहरा माणसाचा आहे.

ग्रीन टीचे पॉलिफेनॉल (ईजीसीजी त्यातलंच) आधी लावून मग त्वचेच्या छोट्या भागावर नकली ऊन टाकलं तर लाली कमी येते, हे २००१ साली स्वयंसेवकांवर दाखवलंय. ही चांगली बातमी आणि मी ती मनापासून चांगली मानते. पण २००५ मध्ये उन्हाने वय दिसू लागलेल्या ४० स्त्रियांवर ८ आठवडे चाचणी झाली. निम्म्यांना १० टक्के ग्रीन टी क्रीम आणि वर ग्रीन टीच्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तसंच पण अर्क नसलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली इलास्टिनमध्ये काही सुधारणा दिसली. चेहऱ्यात नजरेला भरणारा फरक दोन गटांत पडला नाही, आणि अर्क लावणाऱ्यांना चुरचुर जास्त जाणवली. पानांच्या अर्कांत ग्रीन टीवर सगळ्यात जास्त काम झालंय, आणि त्याची ही गत आहे.

दुसरीकडे ज्या दोन गोष्टी तुम्ही बंद केल्यात त्यांचं बघा. १९९६ साली मिशिगन विद्यापीठातल्या गटाने माणसांच्या त्वचेवरच दाखवलं की त्वचा लाल करणाऱ्या उन्हापेक्षा कितीतरी कमी अतिनील किरणांनीही काही तासांत कोलॅजनेज आणि त्याची भावंडं वाढतात. आणि तेव्हाच हेही दाखवलं की आधी ट्रेटिनॉइन लावलं असेल तर ती वाढ बरीच रोखली जाते. म्हणजे माहितीपत्रक जे वचन देतं, कोलॅजनेज आवरण्याचं, ते जिवंत माणसाच्या त्वचेत करून दाखवलेलं औषध कदाचित तुमच्याच कपाटातल्या ट्यूबमध्ये होतं. ट्यूबवर नाव वाचून पाहा. (गर्भधारणेची शक्यता असेल तर मात्र ट्रेटिनॉइन नको, डॉक्टरांना तसं आधीच सांगा.)

सनस्क्रीनचं तर त्याहून स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोर गावात ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांवर साडेचार वर्षं प्रयोग चालला, निकाल २०१३ मध्ये आले. रोज न चुकता सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर वयाच्या खुणा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. त्याच प्रयोगात काहींना बीटा कॅरोटीन हा अँटिऑक्सिडंट रोज खायला दिला होता. त्याचा एकूण परिणाम दिसला नाही. खाण्याचा अँटिऑक्सिडंट आणि लावण्याचा अर्क एक नव्हेत, हे मान्य. तरीही एकाच गावात, त्याच माणसांवर, दोन्ही शेजारी शेजारी तपासलेलं असं क्वचितच सापडतं, म्हणून मला तो प्रयोग फार मोलाचा वाटतो.

यामागचं कारण तुमच्या बहिणीला लगेच पटेल. यूव्हीबी हे अतिनील किरण डीएनएवर थेट आदळतात आणि त्यातले थायमिन नावाचे शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटवून टाकतात. मधे फ्री रॅडिकल लागतच नाही. जिथे फ्री रॅडिकल नाही तिथे अँटिऑक्सिडंटला पकडायला काही नाही, मग तो कितीही जोरदार असो. किरण आत येण्याआधीच अडवणं, हे काम त्याचं नाहीच. तुमच्यासाठी आणखी एक गोष्ट. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात. म्हणून रंगीत सनस्क्रीन घ्या, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं. साधं पांढरं सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. चेहरा आणि मानेला मिळून तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा घ्या. बहुतेकजण याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि टोपी.

घरी वाटलेल्या पानांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण उद्या कुणी दुसरं पान सुचवेल. काही वनस्पतींच्या रसात फ्युरानोकूमरिन असतात. अंजिराचं पान, लिंबाची साल ही त्यातली. रस त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि काळा डाग महिनोन्महिने राहतो. त्वचा वाचवायला लावलेलं पान उन्हाशी हातमिळवणी करतं. पेरूचं पान त्यातलं नाही, पण वाटलेल्या ओल्या लेपात आणि पाण्यात काढलेल्या काढ्यात जिवाणू आणि बुरशी पटकन वाढतात, टिकवणारं काही नसतं, आणि आजच्या लेपात काय किती आहे ते उद्याच्या लेपाला लागू नसतं. चेहऱ्यावर घरचं पान नको, माझं हे मत पक्कं आहे.

मग सीरमचं काय? फेकू नका. तपासा. मागे घटकांची यादी असते, जास्तीकडून कमीकडे. एक टक्क्याच्या खालचे घटक कसल्याही क्रमाने लिहायची मुभा असते, म्हणून अर्क जर टिकवणाऱ्या रसायनांच्या किंवा सुगंधाच्या आसपास लिहिलेला असेल तर तो नावापुरता समजा. सुगंध असेल तर तुमच्या त्वचेसाठी ते सीरम सोडूनच द्या. नसेल, लाली पूर्ण गेली असेल आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत सात ते दहा दिवस, दिवसातून दोनदा लावून बघा. एकदाच लावून पाहण्यात अर्थ नाही, अॅलर्जीची प्रतिक्रिया दोन-तीन दिवसांनीही येते. काही झालं नाही तर सकाळी, सनस्क्रीनच्या आधी लावा. सनस्क्रीनमधून निसटलेल्या किरणांनी झालेले फ्री रॅडिकल तिथे काही अंशी निस्तरले जातील, आणि ही अपेक्षा रास्त आहे. त्याच्यापुढची ठेवू नका.

बहिणीला हे पत्र वाचायला द्या, पण त्याआधी तिला फोन करा. तुमच्या चेहऱ्याची तिला काळजी होती म्हणून तिने वाचलं, शोधलं, बाटली आणून दिली. तिची चूक फार बारीक आहे आणि मीही सुरुवातीच्या काळात ती केलीय. खळग्यातल्या निकालाचा आनंद इतका खरा असतो की त्याच्यापुढच्या पायऱ्या दिसत नाहीत. तिला म्हणा, तू मला यात मदत कर. तिला वाचता येतं, तर पुढच्या वेळी तीन गोष्टी बघून सांगायला सांगा. एन्झाइम कुणाचं होतं, टॅनिन काढून पाहिलं होतं का, आणि माणसाच्या त्वचेवर लावलं होतं का. तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर मलाही पाठवा, मी आवडीने वाचेन.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी एक फोटो काढा, खिडकीसमोर, सकाळी, फ्लॅश न लावता. दर चार आठवड्यांनी त्याच जागी, त्याच वेळेला पुढचा. वांग इतके हळू हलतात की आरशात रोज बघून काही कळत नाही. आधीच्या वेळेला डाग फिके व्हायला किती महिने लागले होते ते आठवा, यावेळी साधारण तेवढेच धरा. आणि फोटो काढायला बहिणीलाच बोलवा.

तुमची,
ताई